दारं उघडणाऱ्या मोटारी

आमच्या कारखान्यातल्या खेळण्यातल्या मोटारीचं दार पहिल्यांदा उघडलं, त्या दुपारी आमच्या जेवणाच्या खोलीचं दार कायमचं बंद झालं. एर्सिलियाआत्या तेव्हा आत टेबल मांडत होती. सुताराने दार कापून काढलं. मागे सलग भिंत होती, घराच्या इतर भिंतींसारखीच पिवळी.

बेर्गामोच्या वर, डोंगरात आमचं गाव आहे. खाली कारखाना, वर घर. युद्ध संपल्यावर आजोबांनी, म्हणजे एर्मेते बाल्झारोत्तींनी, भंगारातलं जस्त वितळवून साच्यात ओतायला सुरुवात केली. मुठीत मावणाऱ्या त्या मोटारींची दारं म्हणजे नुसत्या कोरलेल्या रेघा असत. पुढे गिऱ्हाईक उघडणारी दारं मागू लागलं, आणि आजोबांनी ती करून दाखवली. मिलानचा व्यापारी नखाने दार उघडून लहान मुलासारखा हसला, असं पप्पा सांगतात.

मग आमचं नाव झालं. बॉनेट उघडू लागलं तेव्हा माळ्याची खिडकी गेली. डिकी उघडू लागली तेव्हा तळघर गेलं. बाजारात प्लॅस्टिकच्या स्वस्त मोटारी आल्या तरी आम्ही टिकलो, कारण आमच्या मोटारीत सगळं उघडायचं. भिंतीपलीकडून आत्या बोलत असते. तिचा आवाज अजून पंचविशीतलाच आहे. मी कधीच तिच्याहून मोठी झाले.

यंदा पप्पांनी रुग्णवाहिका करायला घेतली. दोन दारं पुढे, दोन मागे.

“पप्पा, आपल्याकडे बाहेर पडायला आता फक्त फाटक उरलंय,” मी म्हणाले.

“मागची दारं उघडली नाहीत, तर रुग्णाला आत कसं घालणार?” ते म्हणाले.

भिंतीतून आत्या म्हणाली, “ओर्नेल्ला, तू जा गं. माझं काय, चाललंय.”

रविवारी सकाळी तुल्लिओ जेनोव्हाहून मला न्यायला आला. आमचं लग्न ठरलं होतं. तो फाटकाबाहेरच उभा राहिला. आत यायचं त्याने हसत टाळलं. मी बॅग घेऊन खाली उतरले. पप्पा कामाच्या टेबलाशी बसले होते. समोर पहिली रुग्णवाहिका होती, रंग नुकताच वाळलेली.

“एवढी बघून जा,” ते म्हणाले. “लाल पट्टे तूच ओढलेस.”

आमच्याकडे पहिली मोटार सगळ्यांनी मिळून बघायची पद्धत आहे. मी थांबले.

त्यांनी नखाने पुढचं एक दार उघडलं. फाटकाच्या जागी भिंत आली. पलीकडून तुल्लिओ हाका मारू लागला, नंतर दगडाने ठोकू लागला.

“पप्पा, बास करा.”

“तपासणी अर्धवट सोडायची नसते,” ते म्हणाले आणि त्यांनी दुसरं दार उघडलं.

माझ्या हातातली बॅग खाली ठेवावी म्हटलं, तर मूठ उघडेना. मी दुसऱ्या हाताने बोटं ओढून पाहिली. ती जस्तासारखी गार होती.

“बोटं सुटत नाहीयेत,” मी त्यांना सांगितलं.

पप्पांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. पण तोवर त्यांच्या नखाने मागचं एक दार उघडलं होतं, आणि त्यांचे ओठ मिटले ते मिटलेच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हात मात्र थांबला नाही.

भिंतीतून आत्या मोठ्याने माझं नाव घेत होती. पप्पांचं नख शेवटच्या दाराच्या फटीत शिरलं. मला ते बघवेना. मी डोळे घट्ट मिटून घेतले, आणि ते दार हलकेच उघडल्याचा आवाज झाला.