धडामरावांची आवड

धडामरावांनी बावीस वर्षं एका मोठ्या वाद्यवृंदात झांजा वाजवल्या. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते सहकाऱ्यांनी ठेवलं होतं, आणि पुढे इतकं चिकटलं की पगारपत्रकावरही तेच येऊ लागलं.

झांजवाल्याचं काम लांबून सोपं दिसतं. सत्तर माणसं दीड तास घाम गाळतात; झांजवाला एकदाच उठतो, एकदाच वाजवतो आणि बसतो. पण तो एक ठोका चुकला की सत्तर जणांच्या मेहनतीवर पाणी. एका रचनेत तर धडामरावांना सोळाशे चव्वेचाळीस मात्रा नुसतं मोजत बसायला लागायचं. माणूस मोजून मोजून किती मोजणार? त्यांनी समोरच्या स्टँडवर स्वरलिपीच्या आड पुस्तक ठेवायला सुरुवात केली. मोठ्यांच्या कादंबऱ्या जमेनात, कारण एकेक वाक्य संपेपर्यंत चाळीस मात्रा निघून जायच्या. लहान मुलांची पुस्तकं मात्र सोयीची पडली. ठळक अक्षर, छोटी वाक्यं, पानभर चित्र. वाचता वाचता मोजता यायचं. अशा रीतीनं, निव्वळ कामाची गरज म्हणून, धडामरावांनी शहरातल्या वाचनालयातला बालविभाग दोनदा संपवला.

मग व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी, बासरीवाल्या बाई अगदी हळुवार, कापसासारखं वाजवत असताना, धडामराव एका विनोदावर खो खो हसले, आणि हसताना दोन्ही हात एकत्र आले. हातात झांजा होत्या.

लोकांना वाटलं संपलं. सगळं सभागृह उठलं, टाळ्या वाजल्या, आणि माणसं छत्र्या, पिशव्या घेऊन बाहेर पडली. संचालक रिकाम्या खुर्च्यांकडे पाठ करून आणखी अकरा मिनिटं हात हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी धडामरावांना मानानं निवृत्त करण्यात आलं, म्हणजे एक फुलदाणी दिली आणि झांजा काढून घेतल्या.

घरी त्यांची मोठी बहीण होती. दोघांनीही लग्न केलेलं नव्हतं. ताई एका शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झाली होती. रिकाम्या हातांनी घरात येरझारा घालणारा भाऊ तिला चार दिवसांत असह्य झाला.

"अरे, पायाला भिंगरी लागल्यासारखा काय फिरतोस? बस एका जागी. काहीतरी लिही."

"काय लिहू?"

"इतकी वर्षं सरकारी वाचनालयाची पुस्तकं फुकट वाचलीस. एक परत कर."

म्हणून धडामरावांनी 'शिंकणारं कपाट' लिहिलं. त्यातलं कपाट सर्दी झाली की शिंकतं आणि आतले कपडे गल्लीभर उडतात. पुस्तक मुलांना आवडलं. पहिली आवृत्ती हातोहात संपली आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशक बाईंनी एक छापील कागद पाठवला. वर लिहिलं होतं: 'लेखकाची आवडनिवड'. खाली चौदा प्रश्न होते.

धडामराव त्या कागदापुढे दोन दिवस बसले. आवडता रंग? कशाचा, भिंतीचा की मोज्याचा? आवडता पदार्थ? जो ताटात पडेल तो. आवडता ऋतू? चालू असेल तो. बावीस वर्षं दुसऱ्यानं काठी हलवली की वाजवायचं आणि नाही हलवली की गप्प बसायचं, यात आवडीचा प्रश्न कधी आलाच नव्हता. त्यांनी कागद कोराच पाकिटात घातला.

ताईनं तो बाहेर काढला. तीस वर्षांच्या नोकरीत तिनं एकही रकाना रिकामा जाऊ दिला नव्हता. पेन घेतलं आणि पाच मिनिटांत चौदाच्या चौदा उत्तरं लिहून मोकळी झाली. रंग: करडा. पदार्थ: उकडलेला बटाटा. आणि 'आपण कसे वाचता?' या नवव्या प्रश्नापुढे तिनं लिहिलं: 'पाय बादलीत घालून.'

पुस्तक छापून आल्यावर धडामराव हादरले.

"ताई, हे काय लिहिलंस गं?"

"दोन वर्षांपूर्वी तुझा पाय मुरगळला होता. तू गरम पाण्याची बादली घेऊन बसला होतास की नाही?"

"होतो."

"हातात पुस्तक होतं की नाही?"

"होतं."

"मग मी खोटं काय लिहिलं?"

धडामरावांनी पुस्तक मिटून ठेवलं.

पंधरा दिवसांनी एका शिक्षिकेचं पत्र आलं. सोबत फोटो होता: वर्गात छत्तीस मुलं बाकांवर बसली आहेत, प्रत्येकाच्या हातात पुस्तक आणि प्रत्येकाच्या बाकाखाली बादली. 'ज्या मुलांनी आजवर पुस्तकाला हात लावला नव्हता ती आता तासन्‌तास वाचतात,' शिक्षिकेनं लिहिलं होतं. 'मात्र बादलीशिवाय एक ओळही वाचत नाहीत. परवा पाणी आलं नाही, तर व्याकरणाचा तास रद्द करावा लागला.'

मग पत्रांचा पाऊसच पडला. पाणी कोमट हवं की गार? साबण चालेल का? एका आजोबांनी लिहिलं की नातवाचं बघून त्यांनीही सुरू केलं, आणि वर्तमानपत्रातल्या बातम्या आता पूर्वीइतक्या वाईट वाटत नाहीत. एका बादल्यांच्या दुकानदारानं निळी बादली भेट पाठवली, झाकणासकट.

पण खरा घोळ मराठीनं घातला. 'पाय' एक असला तरी पाय आणि दोन असले तरी पायच. धडामराव एक पाय घालतात की दोन? मुलांमध्ये तट पडले. एकपायी मुलं दोनपायींशी बोलेनात. एका शाळेच्या मधल्या सुट्टीत दोन्ही तटांनी एकमेकांवर बादल्या रिकाम्या केल्या. दोन्हीकडून निकाल मागणारी पत्रं आली आणि पंचाईत अशी की धडामरावांना स्वतःलाच आठवेना. मुरगळलेला एकच होता, पण ताईची बादली ऐसपैस होती.

शेवटी वाचनालय खात्याची नोटीस आली. मुख्य वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एका रविवारी ऐंशी मुलं वाचायला बसली होती, आणि खालच्या मजल्यावर छतातून पाणी गळून 'ह' ते 'ज्ञ' अक्षरांचा ज्ञानकोश भिजला होता. सर्व नुकसान आपल्या आवडीमुळे झालं असून आपण जातीनं हजर राहावं, असं नोटिशीत होतं.

खात्याच्या कार्यालयात एक बारीक, नीटनेटका कारकून बसला होता. त्याच्या टेबलावरची प्रत्येक वस्तू टेबलाच्या कडेला समांतर होती.

"साहेब, आवड रद्द करता येते," तो म्हणाला. "नमुना सात."

"द्या ना मग. सुटलो."

"पण तिच्या जागी दुसरी द्यावी लागते. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"माझी बहीण इथे नोकरीला होती का हो?"

"आणि या वेळी आवड खरी लागेल. मागची तपासणी न करता छापली, त्याचं फळ बघताय. आठ दिवस देतो."

धडामरावांनी आठ दिवस खरोखर जिवाचं रान केलं. रंगाच्या दुकानात पिवळ्या डब्यासमोर अर्धा तास उभे राहिले. दुकानदारानं खुर्ची आणून दिली. "बसा, साहेब," तो समजुतीनं म्हणाला, "पिवळा एकदम नाही आवडत. हळूहळू चढतो." नाही चढला. टेकडीवर जाऊन सूर्यास्त पाहिला. तो दुसऱ्या दिवशीही तसाच असेल असं वाटून अर्ध्यातूनच घरी आले. एक दिवस शिट्टी वाजवून पाहिली. ताईनं डोकं दुखतं म्हणून बंद करायला लावली, आणि त्यांनाही हायसं वाटलं. सातव्या दिवशी जेवताना त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"ताई, मला काहीच आवडत नाही गं. छप्पन्न वर्षांचा झालो."

ताईनं त्यांच्या ताटातला बटाटा उचलला आणि स्वतः खाल्ला.

आठव्या दिवशी कार्यालयाच्या बाकावर त्यांच्या शेजारी सात-आठ वर्षांची एक मुलगी बसली होती. उजवा पाय बादलीत, डावा बुटात. ती एकपायींच्या बाजूनं साक्ष द्यायला आली होती, आणि तिचे बाबा कुठली खोली, कुठली खिडकी ते विचारत फिरत होते. मुलीला काही धडामराव कोण ते माहीत नव्हतं. ती मोठ्यानं, बोट ठेवून वाचत होती.

"'मग... कपाट... जोरात शिकलं.'"

"शिंकलं," धडामराव पुटपुटले.

"शिकलं," मुलगी ठामपणे म्हणाली. तिच्या प्रतीतला अनुस्वार पाण्यानं गेला होता. "'कपाट जोरात शिकलं आणि सगळे कपडे बाहेर पडले.'"

"असं काय शिकलं ते?"

"थांबा ना काका. पुढे कळेल."

आणि धडामराव खरंच थांबले. स्वतः लिहिलेलं पुस्तक, पण पुढे काय होणार याचा त्यांना आता पत्ता नव्हता. कपाट दर पानावर शिकत होतं. आई त्याला म्हणत होती, 'बाबा रे, इतकं शिकू नकोस, थंडी आहे.' डॉक्टर येऊन म्हणाले, 'याचं शिकणं थांबवायला औषध देतो.' धडामरावांनी आपले गुडघे घट्ट धरून ठेवले होते. हसू आवरत नव्हतं, आणि दोनदा डोळे पुसावे लागले. शिपायानं त्यांचं नाव तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा ते ओरडले, "अहो थांबा जरा! एकच पान राहिलंय!"

आत गेल्यावर कारकुनानं पेन उघडलं.

"हं. आवड?"

"दुसऱ्यानं चुकत-माकत वाचलेलं ऐकणं."

"चुकत-माकत नमुन्यात बसत नाही. 'दुसऱ्यानं वाचलेलं ऐकणे' असं लिहितो. आता तपासणी." त्यानं कपाटातून जाडजूड नियमावली काढली, घसा खाकरला आणि धडामरावांच्या चेहऱ्यावर एक डोळा ठेवून वाचायला लागला. "'नियम एक. वाचनालयाच्या आवारात प्रवेश करणाऱ्या व्यक्तीस सभासद समजण्यात येईल, किंवा येणार नाही.'"

"किंवा येणार नाही?" धडामराव पुढे सरकले.

"'नियम दोन...'"

तिसऱ्या नियमाला कारकुनाचा आवाज चढला. सातव्याला शेजारच्या टेबलांवरची माणसं खुर्च्या घेऊन आली. अकरावा नियम जरा दुःखी होता, पुस्तक हरवलेल्या सभासदाचा, आणि तो वाचताना कारकुनाला मध्येच थांबून पाणी प्यावं लागलं. कार्यालय सुटायची वेळ झाली तेव्हा तो चव्वेचाळिसाव्या नियमावर होता. त्यानं नमुना सातवर शिक्का मारला आणि हळूच विचारलं, "उरलेले उद्या आलात तर?"

तिसऱ्या आवृत्तीत नवी आवड छापली गेली. मुलांनी बादल्या बागेत रिकाम्या केल्या, दोन्ही तट मिटले, आणि सगळी मुलं धडामरावांच्या घरी यायला लागली, त्यांना वाचून दाखवायला. ताईनं नंबराच्या चिठ्ठ्या केल्या. सकाळी अकरा ते एक, दुपारी चार ते सहा. मुलं अडखळत, शब्द गिळत, पानं उलटीसुलटी करत वाचायची आणि धडामराव ऐकत राहायचे. त्यांचं स्वतःचं लिखाण बंद पडलं. प्रकाशक बाई दर आठवड्याला फोन करायच्या. धडामराव म्हणायचे, "बाई, तुम्हीही काहीतरी वाचून दाखवा ना," आणि बाई फोन ठेवून द्यायच्या.

परीक्षेच्या आठवड्यात कुणीच आलं नाही. मंगळवारी दुपारी धडामराव खिडकीशी बसले होते, तेव्हा ताई आतल्या खोलीतून एक वही घेऊन आली. चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"कुणाची वही?"

"तुला काय करायचंय? ऐक मुकाट्यानं."

वहीत एका बाईची गोष्ट होती. तिच्या हातातला कुलपांच्या किल्ल्यांचा जुडगा रोज एका किल्लीनं वाढत असतो आणि तिला एकही नवं कुलूप सापडत नसतं. ताई सपाट आवाजात, हजेरी घेतल्यासारखी वाचत होती. चाळीस मिनिटं लागली. वही मिटून तिनं विचारलं, "बरी आहे?"

"सुरुवात फार आवडली. ती किल्ली भाकरीसारखी गरम निघते ना, ते तर फारच."

"आणि?"



"शेवट नाही आवडला."

"नाही आवडला?"

"नाही. कुलूप इतक्या सहज सापडायला नको होतं."

ताई ताडकन उठली. दोन दिवस ती भावाशी एक शब्द बोलली नाही. जेवायला वाढताना पळी ताटावर आपटत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी धडामराव स्वयंपाकघरात आले तेव्हा चहा उतू चालला होता, आणि ताई टेबलाशी वाकून, जीभ दातांत धरून, वहीची शेवटची तीन पानं टराटरा फाडत होती.

"उभा काय राहिलास?" ती मान वर न करता म्हणाली. "गॅस बंद कर, आणि मला नवं पेन आणून दे."