संध्याकाळपर्यंत

बंद बाथरूममध्ये पाण्याचा मग बादलीवर आपटला आणि पुन्हा सगळं शांत झालं. मी दाराबाहेर पाटावर बसून होते.

"आई, झालं का?"

"होऊन नाही राहिलं ना वं. अन् तू काऊन दाराशी बसून राहिली? मी काय लेकरू हाओ?"

सकाळीच दवाखान्यात आईची लघवीची नळी काढली होती. संध्याकाळपर्यंत तिची तिला झाली, तर ती अमरावतीला परत जाणार. राजापेठेतल्या साडीच्या दुकानात, तिच्या काउंटरवर. नाही झाली, तर पुन्हा नळी. अकोल्याला माझ्याकडे आल्यापासून तिचं एकच पालुपद होतं : लग्नसराई तोंडावर आली आणि नव्या पोरींना शालूची घडी घालता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. लघवीची पिशवी म्हणजे नुसता स्नायू. भरताना ती सैल पडत जाते, तोंड तेवढं घट्ट मिटलेलं राहतं. भरत आली की नस डोक्याला कळवते. आपण जागेवर बसलो की डोक्याकडून हुकूम सुटतो, पिशवी चहूबाजूंनी आवळते आणि त्याच वेळी तोंड सैल होतं. एकीनं आवळायचं, दुसऱ्यानं सोडायचं. आपल्याला वाटतं, आपोआप होतं.

"दुकानात असताना कितीदा जात होत्या, वच्छलाबाई?" त्यांनी आईला विचारलं.

"घरून करून निघो, मंग घरी आल्यावरच." आई जरा तोऱ्यातच म्हणाली. "पाणीच नाही प्यायचं ना मॅडम. गिऱ्हाईक समोर बसलेलं असते, उठाव कसं?"

"लागत नव्हती?"

"पहिले लागे. मंग लागनंच बंद झालं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तीच नस सांगून सांगून थकली. आणि पिशवी ताणून ताणून आता आवळतच नाही."

"म्हंजे इलॅस्टिक गेलं म्हना ना," आई म्हणाली आणि स्वतःच हसली.

मला शाळेतले दिवस आठवले. संध्याकाळी ती दुकानातून यायची, चपला कशाबशा काढायची आणि थेट न्हाणीत शिरायची. मी दाराबाहेरून मार्क सांगत राहायची. वर्गात कोण पडलं, कोणाला ओरडा बसला, सगळं. आतून ती "थांब ना माय जराशीक" म्हणायची आणि मला राग यायचा. दिवसभर बाहेर असते, घरी आल्यावरही दार लावून घेते, म्हणून रुसून बसायची मी. ती इतका वेळ आत काय करते, हे मी कधी विचारलं नाही. पुढं माझं लग्न झालं, बाळंतपणात डॉक्टरांनी मला भरपूर पाणी प्या म्हणून बजावलं, तेव्हाही आईकडं लक्ष गेलं नाही.

दुपारी माझी आचल शाळेतून आली. आजी अजून आतच आहे म्हटल्यावर तिनं दप्तर टाकलं आणि दाराला तोंड लावलं.

"शूऽऽऽ... शूऽऽऽ..."

मी तिला लहानपणी करायची, अगदी तस्सं. आत आईला हसू फुटलं.

"हसू नको ना आजी. हसल्यावर नाही होत."

"बरं माय. नाही हसत."

मी आत जाऊन नळ बारीक सोडून आले. आचलनं दम लागेपर्यंत शू केलं. नळाचं पाणी तेवढं वाहत राहिलं. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा आईचं पोट हाताला दगडासारखं लागत होतं, आणि ती म्हणत होती, "दुखून तं नाही राहिलं काही."

दवाखान्यात सिस्टरनं तिला दर वेळी स्वतः नळी घालून, रिकामं होऊन ती काढून घ्यायला शिकवलं. आरसा कसा धरायचा, हात कसे धुवायचे. आई पटकन शिकली. साड्यांच्या निऱ्या झटक्यात पाडणारे हात ते.

"दिवसातून चार-पाच वेळा, स्वच्छ जागी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाकी सगळं करा. दुकानातही जा."

"दुकानात जागा कुठी हाय मॅडम? बायांसाठी संडासच नाही ना तिथं."

डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहू लागल्या. आईच पुढं म्हणाली, "जाऊ द्या."

घरी आल्यावर तिनं केस विंचरले, पदर नीट केला आणि मग मालकांना फोन लावला. आचल तिच्या मांडीवर येऊन बसली.

"हाव मालक... नाही, आता नाही जमत. गुडघे गेले ना माहे. उभंच राहवत नाही... नाही नाही, तुमचं काय त्यात? हिरवे शालू वरच्या खणात हायेत, पोरीले सांगजा. अन् घडी उलटी नको घालू म्हना."

फोन बंद केल्यावरही तिनं तो बराच वेळ पदरानं पुसला.

"आजी," आचल म्हणाली, "तुहे गुडघे तं दुखत नाही. तू त्याइले शूचं काऊन नाही सांगितलं?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी दिवा लावायला उठले, पण आचलनं माझं बोट धरून ठेवलं.

"आई, तू सांग. काऊन?"