पोरं धरून नेणारा माणूस

अशी कल्पना करा, की तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि तंबाखू वाळवायच्या कोठारात, अगदी छपराजवळच्या बल्लीवर पोट टेकून पडला आहात. भोवती हिरवी, चिकट पानं लोंबताहेत. नाकाला झोंबतंय, पण शिंकायचं नाही हं! खाली लेम्युएलकाका उभे आहेत, आणि त्यांना तुम्हाला शाळेत न्यायचंय.

आर्लेथा अशीच लपायची. काका खालून मोठ्यानं म्हणायचे, "इथं तर कुणी नाही बुवा. वर एखादं रॅकून असेल. थांबा, बंदूकच आणतो." की वरून खुदकन हसू यायचं, आणि पोरगी सापडायची.

लेम्युएल स्क्रग्ज यांचं हेच काम होतं. उंच, वाळका माणूस, डोक्यावर हॅट, बुडाखाली खडखडणारी फोर्ड. आमच्या काळ्या मुलांच्या शाळेत जो येणार नाही, त्याच्या घरी जायचं आणि त्याला आणायचं. गाडीच्या डिकीत जुन्या बुटांचं पोतं असे. चर्चमधून मागून आणलेले बूट. कारण "पोराच्या पायात काही नाही" हे नेहमीचं निमित्त. काका पोतं उघडून म्हणत, "निवड बाळा."

मुलांना शाळेत पाठवलंच पाहिजे, असा तेव्हा अमेरिकेतल्या आमच्या व्हर्जिनिया राज्यात कायदा होता. मग देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं सांगितलं, की काळ्या आणि गोऱ्या मुलांना वेगवेगळं बसवायचं नाही. आमच्या परगण्याच्या कारभाऱ्यांनी पाच वर्षं चालढकल केली. शेवटी १९५९ साली त्यांनी शाळांना पैसेच दिले नाहीत. एकत्र बसवण्यापेक्षा शाळाच नकोत! राज्यानं तो जुना कायदाही मोडीत काढला. गोऱ्या मुलांचे वर्ग चर्चच्या तळघरांत भरू लागले. आमच्या शाळेच्या दाराला साखळी लागली.

काकांची नोकरी गेली. न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी टोमणा मारला, "काय लेम, आता कोंबड्या धरणार का?"

"कोंबड्या निदान पळतात तरी," काका म्हणाले. "पोरं आता मला बघून पळतच नाहीत."

सप्टेंबरात ते आर्लेथाच्या घरी गेले. तिचा बाप होझिया हा थॅक्स्टन नावाच्या गोऱ्या साहेबांची जमीन अर्धेलीनं कसायचा. राहती झोपडीही साहेबांचीच. बापलेक कोठारासमोर बसून काठ्यांना पानं बांधत होते.

"या, लेमभाऊ. आज कुठल्या कायद्यानं आलात?"

"कायदा कुठला आता? शेजारच्या परगण्यात माझी बहीण असते. तिकडं शाळा चालू आहे. पोरगी तिच्याकडे राहील. मी नेतो."

होझियाचे हात थांबले नाहीत. "तुमच्या खिशात तो शिक्क्याचा कागद असायचा. आहे अजून?"

"त्याला आता कोण विचारतंय?"

"मी विचारायचो ना. दरवर्षी साहेबांसमोर मी तुम्हाला शिव्या घालायचो, आठवतं?"

"विसरेन कसा? माझ्या आईलाही सोडायचा नाहीस."

"आणि मग साहेबांना सांगायचो, काय करू साहेब, पोरगी नाही पाठवली तर मला आत टाकतील. साहेब गप्प बसायचे. कायद्यापुढं त्यांचंही चालत नव्हतं." त्यानं दोऱ्याची गाठ दातांनी आवळली. "आता ते म्हणतात, शाळा बंद, पोरगी रिकामी, तिला आण कामाला. मी काय सांगू? माझ्या मनात आहे तिला शिकवायचं, असं? असं बोललो की झोपडी खाली करा."

काका म्हणाले, "मला वाटायचं, त्या शिव्या खऱ्या आहेत."

"खऱ्याच होत्या. खोट्या असत्या तर साहेबांना कळलं असतं."

आर्लेथा पान हातात धरून ऐकत होती. "हात चालव," बाप म्हणाला. "पाणी पिऊन येते," म्हणून ती उठली आणि घरात गेली.

काका गाडीकडे आले. सवयीनं त्यांनी डिकी उघडली, बुटांच्या पोत्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावून टाकली.

"आर्लेथा!" मागून होझियाची हाक आली. "कुठं गेली ही कार्टी?" ती घरात नव्हती. विहिरीवरही नव्हती. होझियानं काकांकडे पाहिलं आणि मान खाली घालून पुन्हा पानं बांधायला घेतली.

काका कोठारात शिरले. आत अंधार होता. पानं वाळवायची धग अजून लावलेली नव्हती, पानं ओलीच होती.

"इथं तर कुणी नाही बुवा," ते म्हणाले. "वर एखादं रॅकून असेल."

वरून हसू आलं नाही.

त्यांनी मान वर केली. पानांच्या दाटीतून एक पाय खाली लोंबत होता. पायात त्यांनीच गेल्या वर्षी दिलेला बूट होता, नाडीला दोन गाठी मारलेला. काका बघताहेत हे आर्लेथाला वरून दिसत होतं, तरी तिनं पाय वर ओढून घेतला नाही.