गाठीशेजारचा तुकडा

मी गालाच्या आतला एक तुकडा बोलतोय. असेन वाटाण्याएवढा.

माझा मालक बसचालक, भारी गप्पिष्ट. गालात गाठ निघाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, "चार दिवस तोंड बंद राहील तुमचं, घराला तेवढाच आराम." तो हसला. त्याच्या हसण्यात मी ताणला गेलो तो तेव्हाच शेवटचा.

गाठ कर्करोगाची होती. ती कापली, आणि तिच्याशी ताडून बघायला शेजारचा मीही निघालो. माझ्या नळीवर 'निरोगी' लिहिलं आणि प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये ठेवलं. गाठ दुसऱ्या खणात गेली. इथे शेजारी पुष्कळ, पण सगळे गोठलेले. इतक्या बडबड्या तोंडातून आलो मी. ही शांतता अंगवळणी पडलीच नाही.

कोणतं जनुक किती जोरात काम करतंय, हे संगणकावर तपासणारी एक मुलगी इथे आहे. तिने माझा कोपरा कापून नेला. काही दिवसांनी फ्रीजर उघडून ती प्रयोगशाळेच्या सरांशी बोलत होती.

"सर, पडद्यावर निरोगी तुकडे एकीकडे जमलेत, गाठी दुसरीकडे. हा एकटाच गाठींमध्ये जाऊन बसलाय."

"अगं, नळ्यांची अदलाबदल झाली असेल. टाक काढून."

"मग ह्याची गाठ निरोग्यांत दिसायला हवी होती ना? तीही गाठींमध्येच आहे."

सरांनी माझी नळी हातात घेतली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे उरलेला गालही बिघडत असेल. तो माणूस तपासणीला येतो का?"

"बरं वाटतंय म्हणून यायचं सोडलंय म्हणे."

"पुन्हा एकदा तपासून बघ. तेच आलं तर लगेच सर्जनना फोन लाव."

मला पुन्हा कापलं. उत्तर तेच आलं. दिसायला धडधाकट होतो, पण आतून माझी चाल बिघडली होती. मलाही ते ठाऊक नव्हतं.

पुढे एकदा ती सरांना सांगत होती, "बायको हाताला धरून घेऊन आली त्यांना. गालात पांढरा डाग होता, बिघडायला लागलेला. वेळेत काढला."

"आता कसे आहेत?"

"नर्सबाई म्हणतात, ह्यांना लवकर घरी पाठवा, कान किटले आमचे!"

दोघं हसली. दार लागलं. तो बोलतोय, एवढं मला पुरे. मी इथे आहे हे त्याला ठाऊक नाही, आणि आता निरोग्यांच्या खणातही मला जागा नाही.

तुमच्या घरात कुणी गालातली दुखरी जागा जिभेने चाचपत "काही नाही गं" म्हणत असेल, तर त्याला डॉक्टरकडे न्या. नुसतं "जाऊन ये" म्हणू नका. सोबत जा.