माझ्या पोटातले तीन वायसर

मी माऊस बोलतोय. कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्यांचा, बिनवायरचा, वजन एकोणपन्नास ग्रॅम. वजन आधीच सांगून टाकलं, कारण पुढची सगळी भानगड त्यावरूनच झाली. आणि मला सावकाश सांगता येत नाही, हेही आधीच सांगतो. हात लागला की सेकंदाला हजार वेळा मी कॉम्प्युटरला कळवत असतो, इथे आहे, आता इथे आहे, आता इथे. असा जीव एका जागी बसून गोष्ट सांगणार म्हणजे कठीणच. सांभाळून घ्या.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. बाकीच्या वस्तू घडवताना त्यांच्यात काहीतरी घालतात. मला घडवताना काढत गेले. कवच पातळ केलं, बॅटरी इवलीशी बसवली, आतल्या आधाराच्या पट्ट्याही कोरून टाकल्या. दिव्यांची रोषणाई नाही, नक्षी नाही. शेवटी एका मुलीने मला काट्यावर ठेवलं, आकडा वाचला आणि हसून खोक्यात घातलं. त्या खोक्यात मी चार महिने काढले. बोटीत, ट्रकमध्ये, गोदामात मी नुसता तळमळत होतो. कधी एकदा कुणाचा हात लागतो असं झालं होतं.

मग मीरा रोडच्या एका दुकानात काचेमागे येऊन पडलो. तिथे माणसांची एक खोड मला समजली. येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, लाईट कितने कलर का लगता है? रात्री दिवे लावून खेळायचं आहे की लग्नाचा मांडव सजवायचा आहे, देव जाणे.

रुचिता आली तेव्हा तिने वेगळंच विचारलं. "भैया, सबसे हलका कौनसा है?"

दुकानदाराने तीन माऊस मांडले. रुचिता एकवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, भाईंदर पूर्वेला खारीगावात राहणारी. तिने मला तळहाताने नाही, बोटांच्या टोकांनी धरलं. उजवीकडे झटका दिला, उचललं, परत डावीकडे आणून ठेवलं. असं दहा-बारा वेळा. तिच्या नेमबाजीच्या खेळात माऊस सारखा उचलून परत ठेवावा लागतो, दिवसाला हजारो वेळा. आजवर ती ऑफिसात वापरतात तसल्या जाड, वायरवाल्या माऊसवर खेळत होती आणि संध्याकाळपर्यंत तिचं मनगट ठणकायचं. माझ्यावर हात पडला तसं तिच्या तोंडून आपोआप "आहा" निघालं. मला पहिल्यांदा वाटलं, आपण उगाच जन्माला नाही आलो.

तिच्याबरोबर तिचे पप्पा होते, आत्माराम. ते तीस वर्षं भाईंदरच्या एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करतात. त्यांनी मला उचललं, तळहातावर दोनदा झुलवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा रिकामा आहे काय?"

"अंकल, यही तो बात है," दुकानदार म्हणाला. "हलका है, उसीका दाम है."

"हमारे इधर वजन पे भाव होता है," आत्माराम म्हणाले. "जितना हलका, उतना खोटा."

"पप्पा, मला हाच पाहिजे."

"तुझ्या ट्युशनच्या कमाईतून घेतेस, तू बघ. पण ह्याच्यावर हात बसणार नाही, सांगून ठेवतो. उडेल हा."

रिकामा! चार महिने खोक्यात काढले तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं. पण रुचिताने मला पिशवीत घातलं आणि मी राग गिळला.

पुढचे पंधरा दिवस म्हणाल तर सुखाचे. बाहेरच्या खोलीतल्या कोपऱ्यात तिचं टेबल. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या, एकीकडे टीव्ही, आणि मध्ये आम्ही दोघं. तिला वळायचं असेल त्याच्या आधी मी वळलेला असायचो. तिची आई गिरिजा अधूनमधून ओरडायची, "रुचे, जेवायला ये," आणि ही म्हणायची, "पाच मिनिटं." माणसांची पाच मिनिटं किती लांब असतात ते मी मोजलेलं आहे, पण ते असो.

हे नुसतं खेळणं नव्हतं. साईराज नावाचा एक मुलगा स्पर्धांसाठी संघ बांधत होता. संघात एकच जागा उरली होती. निवड झालेल्याला सहा महिने पुण्यात राहून सराव करायचा आणि मग मोठ्या स्पर्धेत उतरायचं. गिरिजाने अट घातली होती. तिच्या भावाने, पराग मामाने, आपल्या ऑफिसात रुचितासाठी जागा धरून ठेवली होती. "एक संधी घे. निवड झाली तर पुण्याला जा, मी अडवणार नाही. नाही झाली तर एक तारखेपासून मामाकडे जायचं, आणि परत ह्या खेळाचं नाव काढायचं नाही." रुचिताने कबूल केलं होतं. पुण्याचं नाव निघालं की तिची बोटं माझ्यावर घामेजायची.

निवडीचा शनिवार उजाडला. पावणेसहाला नळाला पाणी आलं, आत्माराम उठले, पिंप भरलं, हंडे भरले. रुचिता आत झोपली होती. मग ते टेबलाशी आले, चष्म्याचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन.

त्यांनी मला उलटं केलं. पोटाखालच्या सरकत्या चकत्या ब्लेडने अलगद उचलल्या, त्याखालचे स्क्रू काढले आणि मला उघडलं. हात कसबी, एक ओरखडा येऊ दिला नाही. खिशातून त्यांनी तीन स्टीलचे वायसर काढले, नटाखाली घालतात तसले, गाळ्यातून आणलेले, स्वतः घासून लख्ख केलेले. दुहेरी टेप लावून ते माझ्या पोटात चिकटवले, वाजू नयेत असे.

"हलकं भांडं चाकावर उडतं गं बाळा," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या डाव्या तळव्यावर टाक्यांचा लांब वण आहे. पॉलिशच्या फिरत्या चाकावरून एकदा एक पातळ पातेलं निसटलं होतं, त्याचा. जड भांडं चाकावर नीट बसतं, हात स्थिर राहतो, हे त्यांनी तीस वर्षांत रक्त सांडून शिकलेलं. मुलीचा हात आज स्थिर राहावा एवढीच त्यांची इच्छा होती. आधी सांगितलं तर ती नाही म्हणेल, जिंकून आली की सांगू, असा त्यांचा हिशेब.

मी आतून बोंबलत होतो. पण माझी सगळी भाषा कॉम्प्युटरला लावायच्या नखाएवढ्या रिसीव्हरपुरती, आणि तो रुचिताच्या पाकिटात. आत्मारामांनी चकत्या परत चिकटवल्या, मला तळहातावर झुलवलं आणि समाधानाने मान हलवली. "हां. आता कसा!"

निवड मीरा रोडच्या एका गेमिंग कॅफेत होती. तीन डाव, दहा मुलं-मुली. आत्माराम अर्धा दिवस रजा टाकून आले होते, मागे भिंतीला टेकून उभे. रुचिताने मला पिशवीतून काढून माऊसपॅडवर ठेवलं, एक झटका दिला आणि थबकली. परत उचललं. खालून वरून बघितलं.

"हा जड वाटतोय गं," ती शेजारच्या मुलीला म्हणाली. तिचं नाव निशिगंधा.

"टेन्शन आहे यार. मला तर खुर्ची पण जड वाटतेय," निशिगंधा हसली.

रुचितालाही ते पटलं. रात्री जास्त सराव केला, मनगट भरून आलं असेल, असं म्हणून तिने हात झटकला. आणि खेळ सुरू झाला.

काय सांगू! तिचा हात जिथे थांबायचा तिथे मी थांबत नव्हतो. नेम धरायची, मी केसभर पुढे जायचो. तिने मला उचलायचं आणि मी उशिरा उठायचो. ती दात-ओठ खाऊन खेळत होती आणि मी ओझं होऊन तिच्या बोटांना लटकलो होतो. पहिला डाव गेला. दुसऱ्यात ती मध्येच डाव्या हाताने उजवं मनगट दाबायला लागली.

आत्मारामांना पडद्यावरचं काही कळत नव्हतं. ते तिच्या हाताकडे बघत होते. हात त्यांना कळतो. गाळ्यात दिवसभर जड पातेली उचलणाऱ्या पोरांची मनगटं त्यांनी आयुष्यभर बघितलेली. त्यांचा चेहरा उतरला. ते एक पाऊल पुढे आले, "रुचे…" म्हणाले.

"अंकल, मॅच चालू है, पीछे," कुणीतरी म्हणालं.

ते मागे झाले. तिसऱ्या डावातही ते मागेच राहिले.

साईराजने निशिगंधाचं नाव वाचलं. रुचिताने तिचं अभिनंदन केलं, चांगलं केलं, मनापासून केलं. परतताना रिक्षात ती म्हणाली, "पप्पा, माझ्या हातातच ते नाहीये. उगाच नाद केला."

आता बोला, आत्माराम! आता! मी पिशवीत होतो, नाहीतर उडी मारली असती.

"पाणी पिणार?" आत्माराम म्हणाले. एवढंच.

घरी आल्यावर तिने मला ड्रॉवरमध्ये टाकलं. आठ दिवस मी तिथे होतो. अंधाराचं मला काही नाही, पण आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट सांगता येऊ नये ह्यासारखा छळ नाही. बाहेर रुचिता मामांशी फोनवर बोलायची, "हो मामा, येते मामा." आवाज इतका शहाणा झाला होता की ऐकवत नव्हता. आत्माराम रोज कामावरून आले की ड्रॉवर उघडायचे, मला बाहेर काढायचे, अंगठा माझ्या पोटावरून फिरवायचे. मला वाटायचं, आज हाक मारणार. मग म्हणायचे, "गिरिजा, चहा ठेव," आणि मी परत आत. भित्रा माणूस! मनातल्या मनात मी त्यांना काय काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही.

एक तारखेच्या आदल्या संध्याकाळी पराग मामा जेवायला आला. ऑफिसात कुणाला सर म्हणायचं, डबा कुठे गरम करायचा, सगळं समजावून झालं. मग वरणभात कालवता कालवता तो प्रेमाने म्हणाला, "बरं झालं रुचे, लवकर डोळे उघडले. जे आपल्यात नाही त्याच्या मागे किती धावायचं?"

"हो मामा," रुचिता म्हणाली.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ड्रॉवर उघडलं. आत्मारामांचे हात खरकटे होते, तसेच त्यांनी मला उचललं आणि जेवणाच्या टेबलावर आणलं. ह्या वेळी ब्लेड घसरलं, चकती फाटली, त्याची त्यांना पर्वा नव्हती. एक, दोन, तीन वायसर त्यांनी तिच्या ताटाशेजारी ठेवले.

"पराग, तिच्यात काही कमी नव्हतं. मी जास्तीचं घातलं."

रुचिताने मला परत बंद केलं, बोटांच्या टोकांनी धरलं, एक झटका दिला, उचललं. तिला तिथल्या तिथे कळलं.

"कधी?"

"त्या दिवशी सकाळी. पाणी भरून झाल्यावर. तुझा हात हलू नये म्हणून…"

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

आत्माराम ताटाकडे बघत म्हणाले, "तिथेच. दुसऱ्या डावाला."

"आठ दिवस, पप्पा! आठ दिवस मी माझ्या हाताला शिव्या देतेय आणि तुम्ही समोर बसून जेवताय!"

"तोंड उघडत नव्हतं गं."

"माऊस बरा उघडता आला!"

ती रडली नाही, चिडली. मला ते बरं वाटलं. आठ दिवसांत पहिल्यांदा ती तिच्या खऱ्या आवाजात बोलली होती.

"अहो पण उद्याचं काय?" मामा गोंधळून म्हणाला. "मी साहेबांना सांगून बसलोय."

उत्तर गिरिजाने दिलं. "एक संधी म्हटलं होतं मी. ती तिला मिळालीच नाही. राहू दे पराग, साहेबांना काहीतरी सांग."

आत्मारामांनी हात धुतले आणि रुचिताकडून साईराजचा नंबर मागून घेतला. तिशीही न गाठलेल्या त्या मुलाला त्यांनी उभं राहून फोन केला. "साईराज भाऊ, रुचिताचा बाप बोलतोय. चूक माझी झालीय, तिची नाही," इथून सुरुवात करून त्यांनी सगळं सांगितलं, वायसर किती आणि कुठे चिकटवले तेसुद्धा. मग साईराज म्हणाला की निशिगंधाची जागा तो काढून घेणार नाही, ते बरोबरही नाही. पण एक राखीव खेळाडू लागणार आहे. गुरुवारी येऊ दे, तीन डाव खेळू दे. शब्द देत नाही.

आज गुरुवार. तोच कॅफे. तिने मला नव्या चकत्या लावल्यात आणि मी परत एकोणपन्नास ग्रॅमचा आहे. बापलेकीचं चार दिवस कामापुरतंच बोलणं आहे, मीठ दे, गॅस बघ, एवढंच. तरी ते आलेत, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. आत्ता ते तिच्या खुर्चीपाशी येऊन हळूच म्हणाले, "रुचे, आज नाही जमलं तर मी परत साईराजशी बोलतो. अजून एकदा सांगतो, की माझ्यामुळे…"

"नाही पप्पा." ती पडद्याकडेच बघत होती, पण आवाज मऊ होता. "आज हरले तर मी हरले. ते तुम्ही स्वतःवर घ्यायचं नाही. तेवढं माझं मला राहू द्या."

आत्मारामांनी मान हलवली आणि ते जाऊन बसले.

तर मंडळी, तुम्ही कुणासाठी काही निवडत असाल, तर ज्याच्या हातात ते जाणार आहे त्याचं ऐका. आणि प्रेमापोटी न विचारता काही करून बसला असाल, तर आजच सांगा. आठ दिवस फार असतात हो, ज्याला काही ठाऊकच नाही त्याच्यासाठी तर फारच. अजून पुष्कळ सांगायचं होतं, त्या गोदामातल्या…

बोटं आली. कोरडी आहेत. निघालो मी.