कॉफी निवायच्या आत

शनिवारची मॅटिनी सुटली तरी रघुराम खुर्चीतून उठेचना. दिवे लागले, शिट्ट्या मारणारी पोरं दाराकडे सरकली, पंखे बंद झाले, आणि हा गृहस्थ मान खाली घालून चपला शोधतोय. चपला पायातच होत्या. त्याला डोळे पुसायचे होते आणि शेजारी कृष्णवेणी बसली होती, एवढीच खरी अडचण.

"काय रघुरामराव, झोप लागली?" ती म्हणाली.

"डोळ्यांत धूळ गेली, अक्का."

"बाल्कनीत धूळ!" असं म्हणून ती पुढं झाली. एरवी ती एवढ्यावर सोडणारी बाई नव्हे. आज का सोडलं, हा विचार रघुरामला जिना उतरेपर्यंत सोडेना.

रघुराम, कृष्णवेणी आणि जयतीर्थ मास्तर. पाटबंधारे ऑफिसातला हेडक्लार्क, मुलींच्या शाळेतली भूगोलाची बाई आणि सत्तरीला टेकलेले निवृत्त मास्तर. या त्रिकुटाला अकरा वर्षं झाली होती. शुक्रवारी नवा सिनेमा लागला की शनिवारच्या मॅटिनीला तिघं हजर, आणि तिथून थेट तंजावुरच्या दक्षिण वीथीवरच्या कॉफी हॉटेलात. घराघरात केबल आली, लोक लुंगीवर बसून सिनेमे बघू लागले, पण यांचा नेम चुकला नाही. नेमाला कायदेही होते. कॉफी निवायच्या आत प्रत्येकानं आपलं मत सांगायचं. 'बरा आहे' म्हणायचं नाही. बरा आहे म्हणायला ती काय तब्येत आहे? एक प्रसंग आणि एक नट निवडून कारणासकट बोलायचं. आणि मुख्य म्हणजे खरं बोलायचं, बोललेला शब्द गिळायचा नाही. मास्तरांचा सख्खा भाचा एका सिनेमात छायाचित्रकाराचा मदतनीस होता, तेव्हा मास्तरांनीच सांगितलं होतं, "माझ्या भाच्याला दिव्याचं बटणसुद्धा कळत नाही." असं ते टेबल.

बोलायचं ते मराठीतच. त्याला कारण घडलं होतं. एकदा मास्तर तमिळमध्ये बोलून गेले की हिरो धावतो तेव्हा त्याला गळू झाल्यासारखं वाटतं. मागच्या टेबलावर त्या हिरोच्या रसिक मंडळाचे चौघे इडली खात होते. मास्तरांची छत्री मोडली, मास्तर थोडक्यात वाचले. तेव्हापासून मराठी. तंजावुरातल्या आपल्या लोकांची ही जुनीच खोड: भर बाजारात उभं राहून दुकानदाराचं नाक, सुनेचा स्वभाव आणि साहेबाची अक्कल काढायची, मराठीत आणि मोठ्यानं, कारण ऐकणारं कोण आहे इथं! या खात्रीपायी आमच्या लोकांनी किती वेळा तोंड पोळून घेतलंय ते विचारू नका.

तर आता रघुरामची भानगड. त्याची एकुलती एक लेक नित्या मद्रासला कॉम्प्युटरचा कोर्स करत होती, असं सगळ्यांना ठाऊक होतं. सात महिन्यांपूर्वी तिचा फोन आला. "अप्पा, सिनेमात काम मिळालंय. हिरोच्या थोरल्या बहिणीचं. करूं?" रघुरामनं आधी खिडकी लावून घेतली आणि मग तो म्हणाला, "कर. पण आपलं नाव लावायचं नाही. तंजावुरात कुणाला कळतां कामा नये." ती "सेरी अप्पा" म्हणून कबूल झाली. टायटलात तिचं वेगळंच नाव आलं.

एवढं कशाला लपवायचं? तर दोन वर्षांपूर्वी आपल्यातलीच एक मुलगी कुठल्याशा सिनेमात नाचली होती, आणि रघुरामनं याच टेबलावर कॉफीच्या टंबलरखालचा वाटीसारखा डबरा आपटून म्हटलं होतं, "घरच्यांनी लाज कोळून प्यायली!" ते वाक्य गावभर झालं. त्या मुलीचा बाप नंतर वर्षभर रघुरामला बघून रस्ता बदलायचा. आता तेच वाक्य उलटून आपल्या दाराशी येणार, या धास्तीनं रघुरामची झोप उडाली होती. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

आज तो येणारच नव्हता. ताप आला म्हणावं, ओरत्तनाडूला ऑफिसच्या कामाला जायचं म्हणावं. पण न जाणं म्हणजे संशय. आणि खरं सांगायचं तर लेक पडद्यावर कशी दिसते हे बघितल्यावाचून त्याला राहवतही नव्हतं. बायको विशालाक्षी सकाळीच बहिणीकडं कुंभकोणमला जाते म्हणून निघून गेली होती. तिचंही त्याला नवल वाटलं. लेकीचा सिनेमा लागलाय आणि ही बहिणीकडं निघाली!

आणि मग त्यानं तो प्रसंग बघितला. भाऊ पहिल्यांदा शहराला निघालाय, बस सुटायला आलीय, थोरली बहीण खिडकीतून डबा देते. बोलत नाही, रडत नाही. फक्त डब्याचं झाकण अंगठ्यानं दाबत राहते. एकदा दाबलं, पुन्हा दाबलं, बस हलली तरी हात झाकणावरच. रघुराम थिएटरात बसल्या जागी विरघळला. नित्याला मद्रासच्या बसमध्ये बसवताना विशालाक्षीनं अगदी असाच डबा दाबला होता. पोरीनं तेव्हा ते टिपून ठेवलं होतं तर! अभिमानानं त्याला उठून ओरडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी भीतीनं त्यानं अंग चोरलं. शेजारच्या दोघांनी ओळखलं असेल का? ही पोर त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेली. पण पडद्यावर तिला दहा वर्षांनी मोठी केली होती, केस ओढून बांधले होते, आवाजही दुसऱ्याच कुणाचा घातला होता. नसेल ओळखलं. ओळखलं असतं तर कृष्णवेणी गप्प बसली असती होय?

हॉटेलात त्यांचं टेबल ठरलेलं, फॅमिली रूमच्या प्लायवुडच्या आडोशाला लागून, पंख्याखाली. तिघं बसले. कॉफी आली. रघुरामनं ती टंबलरातून डबऱ्यात, डबऱ्यातून टंबलरात ओतायला सुरुवात केली आणि थांबेचना.

"अहो, निवेल ती!" मास्तर म्हणाले. "चला, मी सुरू करतों. दुसरा अर्धा भाग ओढलेला. गाणी तीन जास्त. हिरो ठीक."

"ठीक चालत नाही, मास्तर," कृष्णवेणी म्हणाली.

"बरं, हिरो वाईट. पण ती बहीण..." मास्तरांनी रघुरामकडं बघितलं. "बसचा प्रसंग. अकरा वर्षांत या टेबलावर मी एवढं चांगलं काम सांगितलेलं नाही."

रघुराम ओतायचा थांबला. बहीणच का? हिरोइन होती, खलनायक होता, तो विनोदी पोस्टमन होता. सगळं सोडून बहीणच?

"माझंही तेंच," कृष्णवेणी म्हणाली. "प्रसंग बसचा, नटी तीच. ती रडली असती तर मी घड्याळ बघितलं असतं. रडली नाही, म्हणून मी रडलें. कुणाची हो असेल ही पोर? चेहरेपट्टी आपल्यातली वाटते."

"आपल्यातली कशी असेल?" रघुराम घाईनं म्हणाला. "मद्रासची असेल."

"असेलही. पण आईबाप भाग्याचे. काय रघुरामराव?"

आता तुम्ही-आम्ही असतो तर समजलो असतो, की हे दोघं दार उघडून बाजूला उभे आहेत आणि याला नुसतं आत पाऊल टाकायचंय. पण चोराच्या मनात चांदणं. रघुरामला तिथं दार दिसेना, फास दिसला. आता विचारतील, नित्याचा कोर्स कुठवर आला? मग म्हणतील, लाज कोळून प्यायली म्हणजे कशी हो पितात? काहीतरी बोलायला हवं होतं, आणि असं बोलायला हवं होतं की या पोरीशी आपला काडीचा संबंध नाही हे दोघांना पटावं.

"माझं मत वेगळं आहे," तो म्हणाला. "तुम्ही दोघं फसलांत."

"कसे?"

"तो हात. झाकण दाबणारा." बोलता बोलता त्याला सुचत गेलं. शेवटी अकरा वर्षांची तालीम होती. "चेहऱ्यावर काही आणतां येत नाही म्हणून तो हात चाळवलाय. ज्या नटाला डोळ्यांनी बोलतां येत नाही तो हाताशी खेळतो. लाकूड आहे लाकूड! बाकीच्या प्रसंगांत बघा, हातात कधी पदर, कधी झाडू, कधी लोटा. रिकाम्या हातानं उभी राहिलीय का कुठं? राहूं शकत नाही म्हणून. शिकवून येण्यासारखं हें नव्हे. दिग्दर्शकानं चुकून घेतली. ही मुलगी पुन्हा दिसणार नाही, आणि न दिसलेलीच बरी."

मागं कुणीतरी सांबार मागत होतं, गल्ल्यावर मोठ्यानं रेडिओ लागला होता.

"रघुराम," कृष्णवेणी म्हणाली. 'राव' गळून पडलं होतं. "शब्द मागं घ्या."

"मागं घेण्याचा आपल्याकडं रिवाज नाही, अक्का."

"मी सांगतें म्हणून घ्या. ती आपली नित्या आहे. पहिल्याच प्रसंगात ओळखलं आम्ही दोघांनी. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं म्हणून गप्प बसलों."

मास्तर डबऱ्यात बघत राहिले. रघुरामच्या तोंडचं पाणी पळालं. पकडले गेलो, एवढंच आधी मनात आलं, आणि मागोमाग चमत्कारिक हायसं वाटलं. ओळखलं होतं, आणि तरी हसले नव्हते. भाग्याचे म्हणाले होते. म्हणजे सात महिने आपण उगीचच... तो मोकळेपणानं काहीतरी बोलणार, इतक्यात आडोशाचा हिरवा पडदा बाजूला झाला आणि फॅमिली रूममधून विशालाक्षी बाहेर आली.

तिच्या मागं नित्या होती.

विशालाक्षी बहिणीकडं गेलीच नव्हती. सकाळी बसस्टँडवर जाऊन तिनं मद्रासहून येणाऱ्या लेकीला उतरवून घेतलं होतं, दोघींनी खाली बायकांच्या रांगेत बसून सिनेमा बघितला होता, आणि या तिघांच्या आधी येऊन आडोशापलीकडं बसल्या होत्या. बेत विशालाक्षीचाच. घरी हा माणूस 'हं'च्या पुढं बोलत नाही. जे काय खरं ते त्या टेबलावर बोलतो, हे तिला अकरा वर्षं माहीत होतं. लेकीनं ते खरं आपल्या कानांनी ऐकावं एवढीच तिची इच्छा.

आता ती लेकीचा दंड धरून तिला दाराकडं नेऊ बघत होती.

"कण्णा," अशी लाडाची हाक मारत रघुराम उठला. खुर्ची मागं पडली. "कधी आलीस?"

"सकाळी, अप्पा." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिच्या हातात एक लांब पाकीट होतं. "दुसऱ्या सिनेमाला बोलावलंय. मोठं काम आहे. या खेपेस आपलं नाव लावूं का, विचारायला आलें होतें."

"लाव! लाव की!" रघुराम जवळजवळ ओरडला. दोन टेबलं वळून बघू लागली. "आपलं नाव लाव, आजोबांचं लाव, सगळी नावं लाव!"

"आतां नको." तिनं पाकीट पिशवीत ठेवलं. "हाताचं तुम्ही बरोबर सांगितलांत. शूटिंगच्या वेळीं मलाही वाटत होतं, माझे हात रिकामे राहत नाहींत. दिग्दर्शकाला विचारलं तर तो म्हणाला, फार छान. सगळे फार छानच म्हणतात, अप्पा. एवढं नीट बघून कुणी सांगितलं नव्हतं."

"तें खोटं होतं!"

"कोर्सची परीक्षा दोन महिन्यांवर आहे. तीच देईन म्हणतें."

"नित्या, ऐक. मी घाबरलों. हे दोघं मला ओळखतील, हसतील, म्हणून तोंडाला येईल तें बोललों. तो हात बघून मी थिएटरात रडलों, पोरी! अक्काला विचार. चपला शोधत होतों, विचार तिला! अक्का, सांगा ना."

"रडले," कृष्णवेणी म्हणाली. "मी बघितलं."

"बघ! मास्तर, तुम्हीही सांगा..." त्यानं लेकीचा हात धरला होता. विशालाक्षीनं तोंडाला पदर लावला.

नित्यानं बापाकडं बघितलं. लहानपणी तो आजारी असला की ती त्याच्या उशाशी बसून असंच बघायची. मग तिनं हात हळूच सोडवून घेतला आणि पडलेली खुर्ची उचलून सरळ केली.

"बसा, अप्पा," ती म्हणाली. "असूं द्या. माझ्यासाठीं आतां खोटं बोलूं नका."