ओप्वातेक मोडताना

नाताळच्या आदल्या संध्याकाळी, जेवायला बसण्याआधी, प्रत्येकानं प्रत्येकापाशी जायचं. हातात ओप्वातेक, ती कागदासारखी पातळ, पांढरी पोळी. समोरच्यानं आपल्यातला तुकडा मोडायचा, आपण त्याच्यातला, एकमेकांसाठी काहीतरी चांगलं मागायचं नि तुकडा तोंडात टाकायचा. कुणाला वगळता येत नाही.

म्हणून बोग्नानं हीच संध्याकाळ निवडली होती. आतेबहीण कालिना एकटी सापडायची तर आजच. एरवी आत्या तिला सोडत नव्हती.

बोग्ना आणि आई

"माफ कर गं मला."

वर्षभर आई हेच म्हणत होती. एकतिसाव्या वर्षी लेकीचा स्तन काढावा लागला, आणि असलं दुखणं आईकडूनच येतं हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आत्या तर चर्चच्या पायरीवर चारचौघींत म्हणाली होती, "आमच्या घराण्यात नव्हतं हो असलं काही."

"आई, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ना? तुझ्या रक्तात काही नाही. दोष बाबांकडून आलाय."

"पुरुषाकडून कसा येईल, वेडे? माझं मन राखायला म्हणतात त्या."

बोग्ना आणि बाबा

बाबांनी तुकडा मोडला. काही मागितलं नाही.

बोग्ना आणि आत्या

"आज नाही हं," व्येस्वावा आत्या पुटपुटली. बोग्नानं अजून तोंडही उघडलं नव्हतं.

फोनवर सगळं बोलून झालं होतं. भावात आहे तर बहिणीतही असू शकतं, बहिणीत असेल तर तिच्या लेकीतही. नुसतं रक्त द्यायचंय, आत्या. त्यावर आत्या म्हणाली होती, जूनमध्ये पोरीचं लग्न आहे, तोवर तोंड शिवून बस.

"गाठ थांबेल का जूनपर्यंत?"

"केसांबरोबर जीभही नव्यानं फुटलीय वाटतं तुला." आत्यानं बोग्नाच्या पोळीचा मोठासा तुकडा मोडून घेतला. "देव तुला शहाणपण देवो."

बोग्ना आणि कालिना

खिडकीपाशी. बोग्नानं सगळं एका दमात सांगून टाकलं. घरात आहे, बाबांकडून आलंय, तुझ्यातही असेल, नसेलही, पण बघायला हवं, लग्नाआधी, लग्न मोडलं तर मोडलं, पण तू—

"मला माहितेय."

"काय माहितेय?"

"माझ्यात आहे ते. आईतही." कालिना हातातल्या पोळीकडे बघत होती. "आम्ही वॉर्सात जाऊन तपासून घेतलं. दोन वर्षं झाली. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी माझी तपासणी होते."

दोन वर्षं.

बोग्नाच्या हाताला गाठ लागली ती गेल्या हिवाळ्यात. तोवर ती बगलेपर्यंत पोचली होती.

"आई म्हणाली, तुला सांगितलंय," कालिना म्हणाली. मग आणखी हळू, "नाही. तसं नाही म्हणाली. मीच तसं धरून चालले."

बोग्ना आणि आत्या

एकाच माणसाकडे दुसऱ्यांदा कुणी जात नाही. बोग्ना गेली.

"दोन वर्षं, आत्या?"

आत्यानं लेकीकडे पाहिलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"गाव केवढंसं आहे आपलं. कळलं असतं तर कुणी केली असती माझ्या पोरीला?"

"आणि मी?"

"तुझं लग्न झालेलं होतं ना."

हे तिनं रागानं म्हटलं नाही. समजावून सांगितलं.

बोग्नाचा आवाज चढला नाही, पण तिनं तो खालीही आणला नाही. दोन वर्षांपूर्वी, वॉर्सा, आत्या, कालिना. टेबलाशी उभ्या असलेल्या आईला सगळं ऐकू गेलं. हातातला डाव तसाच. कोण काय म्हणतंय ते तिला आधी कळेना. मग कळलं. पण ती नणंदेकडे वळलीच नाही.

आई आणि बाबा

"झेनोन, तुझ्या बहिणीनं तुला सांगितलं होतं?"

बाबा खुर्ची ओढून बसले.

"वर्षभर मी माफी मागत होते. तुझ्यासमोर. झेनोन?"

"सूप निवतंय," बाबा म्हणाले आणि खोलगट ताटली पुढे केली.

आईनं ती भरली. सवयीनं, काठोकाठ.